ओझ्यांचा डबा

१२ सप्टेंबर

ती. ताईस,

कृ. सा. वि. वि. (या अक्षरांचा अर्थ विचारू नकोस. बाबांच्या एका जुन्या पत्रातून उचललीत. वजनदार दिसतात.)

हे पत्र उभ्याने वाचू नकोस, आधी बस. मी करू नये ते केलंय. हो, पुन्हा. पण या खेपेला मला स्वतःलाच हसू येत नाहीये, त्यावरून काय ते समज.

तुला आपल्या ख्रिस्तमंदिरातला ओझ्यांचा डबा आठवतो ना? बिस्किटांचा पत्र्याचा, झाकणाला फट पाडलेला. ज्याला जे ओझं असेल ते त्याने नाव न घालता चिठ्ठीवर लिहायचं आणि आत टाकायचं. मग एका रविवारी उपासना संपली की पाळकसाहेब डबा खुळखुळवतात, प्रत्येक जण एक चिठ्ठी उचलतो आणि सहा रविवार होईपर्यंत रोज त्या माणसासाठी प्रार्थना करतो. चिठ्ठी कुणाची हे विचारायचं नाही, शोधायचं नाही. आता हा नियम आमच्या शिंपीणकाकूंच्या पोटात किती राहतो ते तू जाणतेस. गेल्या वर्षी कुणाच्या तरी गुडघेदुखीची चिठ्ठी मिळाली, तर बाई महिनाभर सगळ्यांच्या चालण्याकडे बघत होत्या.

म्हटलं, यंदा काकूंना जरा खाद्य देऊ. बेकरीत पाव गुंडाळतात तो गुलाबी कागद घेतला, कुणाच्या हाती लागतो ते लांबूनही दिसावं म्हणून. पाट्या रंगवून रंगवून हात तयार झालाय, त्यामुळे डाव्या हाताने अक्षर काढलं. लिहिलं काय, तर, ‘माझ्या हातून एक मोठा गुन्हा झाला आहे. कुणाला सांगता येत नाही. झोप लागत नाही. माझ्यासाठी प्रार्थना करा. एक अभागी.’ झालं. गुन्हा नाही, अभागी नाही, आणि मी तर दगडावरही झोपतो.

परवाच्या रविवारी डबा फिरला. काकूंनी हात घातला, माझा जीव वर-खाली. काकूंना निघाली पांढरी. आणि गुलाबी उचलली कुणी? आपल्या बाबांनी.

ताई, त्यांनी ती वाचली आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी खांबाआड गेलो. त्यांनी चिठ्ठीची चार वेळा घडी घातली, छातीच्या खिशात ठेवली आणि वर हात दाबून धरला. घरी येईपर्यंत तो हात काढलाच नाही.

तुला माहीतच आहे, गोदीतला तो अपघात झाल्यापासून ते कसे झालेत. कुठे तरी लांब लढाई पेटलीय, आणि इथे जहाजं येईनाशी झालीत. दर महिन्याला फाटकावर कामावरून काढलेल्यांची यादी लागते. त्यात जूनमध्ये बाबांच्या क्रेनवरून पेटी सुटली आणि खाली उभा राहून त्यांना हाताने खुणा करणारा त्यांचा जोडीदार, आपला खुणेवाला काका, पायाने अधू झाला. चौकशीवाल्यांनी साखळीचा दोष म्हणून सांगितलं. बाबा सुटले, पण तेव्हापासून घरात माणूस आहे की कपाट, कळत नाही. अशा माणसाच्या हातात माझी चिठ्ठी. आता काय करू ते लिही. आधी शिव्या लिहून घे, मग उपाय.

तुझा लोभ माझ्या लायकीपेक्षा जास्त आहेच, तो तसाच चुकीचा राहू दे.

तुझा,
बिब्बा


१७ सप्टेंबर

चि. बिब्ब्यास,

अ. उ. आ.

तुला आईने लाडाने बिब्बा म्हटलं, कारण तू प्रत्येक चांगल्या गोष्टीत बिब्बा घालायचास. नाव ठेवणारी गेली, पण नावाला तू जागतोयस. शाब्बास.

शिव्या लिहायला वेळ नाही. वॉर्डात खाटा संपल्यात, दोन रांगांच्या मधल्या जमिनीवर गाद्या टाकल्यात आणि मी त्यांच्यावरून उड्या मारत औषधं वाटतेय. तरी तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, आत्ताच्या आत्ता बाबांना सांगायला लावावं. दुसऱ्यांदा वाटलं, नको. ते इतके महिने कशावरच हात ठेवत नव्हते. आज एका चिठ्ठीवर ठेवलाय, तर आपण तो झटकू नये. पण म्हणून तू सुटलास असं समजू नकोस. शिक्षा अशी, की बाबा सकाळी प्रार्थनेला बसतील तेव्हा तू रोज त्यांच्याजवळ बसायचं. अंघोळ करून. जांभया न देता. आणि काय दिसतं ते मला कळवायचं.

इथे एक म्हातारा कारकून भरती झालाय. त्याला मी विचारलं, एवढ्या गोंगाटात तुम्हाला झोप कशी लागते. तो म्हणाला की रात्रीची राखण करणारा वेगळा आहे, मग आपण दोघांनी कशाला जागायचं. मी आपली त्याची उशी सारखी केली. आपल्या घरात असं बोलणारे एकेकाळी बाबा होते, हे आठवून डोळे भरले.

जेवत जा. बाबांना जपून वाग. माया आहे, पण ती कान पिळायच्या आड येणार नाही.

तुझी,
ताई


३ ऑक्टोबर

ती. ताईस,

कृ. सा. वि. वि.

शिक्षा भोगतोय. साडेपाचला उठतो. शेजारची मांजर मला पहिल्या दिवशी ओळखेना.

बाबा स्वयंपाकघरातल्या खुर्चीशी गुडघे टेकतात. टेबलावर त्यांचे कामाचे हातमोजे, त्याखाली गुलाबी चिठ्ठी. मी बाजूला, एक डोळा मिटून एक उघडा. मी आपणहून येऊन बसलो म्हटल्यावर त्यांनी काही विचारलं नाही, फक्त खाली घालायला पोत्याची घडी सरकवली.

पहिल्या आठवड्यात ते एवढंच म्हणायचे की प्रभू, या माणसाला झोप दे. सामान उतरवून घेतल्यासारखं म्हणायचे आणि उठायचे. दुसऱ्या आठवड्यात थांबायला लागले. म्हणायचे, त्याने काय केलंय ते मला सांगू नकोस, पण त्याला टाकू नकोस. काल तर ते बोललेच नाहीत. नुसते खुर्चीच्या बैठकीवर डोकं ठेवून राहिले, आणि त्यांच्या पाठीकडे बघताना मला वाटलं, अरे, ही पाठ किती महिन्यांनी सैल पडलीय. मग मीही दुसरा डोळा मिटला. एवढं लिहितो आणि पुढे जातो.

आता बाकीचं ऐक. नळ गळत होता, तो त्यांनी दुरुस्त केला. दाढी करताना भजन गुणगुणतात, चाल दुसऱ्याच भजनाची. परवा यादीत त्यांच्या मुकादमाचं नाव लागलं. तोच मुकादम, जो बाबांना सगळ्यांदेखत म्हातारा बैल म्हणाला होता. मी म्हटलं, बरं झालं. बाबांनी माझ्याकडे एकदाच बघितलं, टोपी घातली आणि संध्याकाळभर त्या मुकादमाच्या घरी जाऊन बसले. आल्यावर विचारलं, काय बोललात, तर म्हणे काही नाही, त्याच्या पोराची सायकल धरून बसलो होतो, ते चाक बसवत होतं.

मी शेडवर नंबर रंगवायला गोदीत गेलो होतो, तेव्हा त्यांना काम करताना पाहिलं. अपघातानंतर ते शिडीच्या मधल्या पायरीवर थांबायचे, खालचे लोक घड्याळ बघेपर्यंत थांबायचे. आता सरळ वर जातात. वाऱ्याने एक भलीमोठी पेटी झुलायला लागली. मला वाटलं, आता उलट ओढतील. ताई, त्यांनी उलट ओढलंच नाही. पेटी ज्या बाजूला झुलली त्याच बाजूला क्रेनचा आकडा नेला, बरोबर तिच्या डोक्यावर, आणि थांबले. पेटी गप्प. आजूबाजूच्या माणसांना त्यात काही विशेष वाटलं नाही. मी मात्र ब्रश डब्याऐवजी चहाच्या कपात बुडवला.

म्हणजे बघ, यादी तशीच आहे, जहाजं अजूनही येत नाहीत, खुणेवाला काका तसाच खाटेवर. बाहेरचं तसूभर बदललं नाही आणि या माणसाच्या आत कुणी तरी दिवा लावून ठेवलाय. आणि तो दिवा कशावर? माझ्या थापेवर! रात्री मला, दगडावर झोपणाऱ्याला, कूस बदलावी लागते. जगात नसलेल्या माणसासाठी माझे बाबा रोज गुडघे झिजवतायत. कधी तरी हे त्यांना कळेल, आणि मग जे उभं राहिलंय ते धाडकन खाली येईल. पुन्हा माझ्याच हातून.

सांगू का त्यांना? हो की नाही, तेवढंच लिही. ममता असू दे, उपदेश आखडता घे.

तुझा,
बिब्बा


८ ऑक्टोबर

चि. बिब्ब्यास,

अ. उ. आ.

बाबांचं मला पत्र आलं. चारच ओळी. तब्येत बरी, भूक लागते, तू मंदिरात जात जा, धाकटा सुधारतोय असं वाटतं. शेवटच्या ओळीला मी हसले आणि पहिल्या तिन्हींना चादरींच्या खोलीत जाऊन रडले. मी इथे आल्यापासून चार वर्षांत त्यांनी आपणहून लिहिलेलं हे पहिलं.

तू विचारतोस, हो की नाही. हो. सांगायचं. खोट्यावर उभं राहिलेलं पडेल ही भीती मलाही आहे. पण तू एक गोष्ट विसरतोस. चिठ्ठी तुझी खोटी, पण बाबा बोलत होते ते तुझ्याशी नाही. ज्याच्याशी बोलत होते तो काही तुझ्या गुलाबी कागदावर आलेला नाही.

सहा रविवार पुरे होऊ देत. मग सांग. हसवत हसवत नको, सरळ सांग.

माया जशीच्या तशी.

तुझी,
ताई


१६ ऑक्टोबर

ती. ताईस,

कृ. सा. वि. वि.

काल सहावा रविवार झाला. या दिवशी प्रार्थना करणारा वाटल्यास दोन ओळी लिहून, वर ‘गुलाबी चिठ्ठी’ किंवा जी असेल ती खूण घालून, बाजूच्या दारापाशी टेबलावर ठेवतो. मग लोक एकेक करून त्या दाराने बाहेर पडतात आणि ज्याचं त्याने उचलायचं. गुलाबी चिठ्ठीचं पाकीट टेबलावर होतं, चांगलं जाड. ते दुसरं कोण उचलणार? मी उचललं आणि गोदामामागे जाऊन वाचलं. खाली शब्दाला शब्द उतरवतो. माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नकोस, तुझ्या ठेव.

‘माझ्या अनोळखी सोबत्यास, सलाम.

मी लिहिणारा माणूस नाही, चुका पोटात घे. तुझी चिठ्ठी वाचली तेव्हा वाटलं, माझीच चोरी कुणी तरी लिहून डब्यात टाकली. मी क्रेन चालवतो. जूनमध्ये माझ्या जोडीदाराने खालून थांब म्हणून हात वर केला. मी बघितला नाही. फाटकावर यादी चिकटवत होते, माझे डोळे तिकडे होते. पेटी आदळली तेव्हा साखळी तुटली. चौकशीत म्हणाले की साखळी आधी तुटली. मी गप्प बसलो. मला नोकरी राहिली, त्याला पाय राहिला नाही.

त्यानंतर मला प्रार्थना करता येईना. तोंडच नव्हतं. तुझ्यासाठी करायची म्हणून गुडघे टेकले, स्वतःसाठी टेकलेच नसते. मी देवाला म्हणत होतो, याने काहीही केलं असो, तू दयाळू आहेस, याला जवळ घे. एके सकाळी हे म्हणताना जीभ अडखळली. वाटलं, परक्यासाठी हे सगळं खरं आणि माझ्यासाठी खोटं, असं कसं असेल? मी दुसऱ्यासाठी दार ठोठावत होतो. दार उघडलं तेव्हा उंबऱ्यावर मीच उभा होतो.

आमच्या कामात ओझं झुलायला लागलं की नवखा माणूस ते उलट ओढतो. मग ते जास्त झुलतं. जाणता माणूस आकडा ओझ्याच्या डोक्यावर नेतो आणि थांबतो. मी चार महिने स्वतःला उलट ओढत होतो. प्रभू येऊन माझ्या डोक्यावर थांबला. त्याने मला काही बोल लावला नाही. नुसता थांबला, आणि मी झुलायचा थांबलो. विसावा म्हणतात तो हाच असेल तर तो मला मिळालाय. लायकी नसताना मिळालाय, म्हणून तुलाही मिळेल.

तुझा गुन्हा मला नको सांगूस. पण मी माझा गुन्हा जोडीदाराला सांगायचं ठरवलंय, पुढच्या रविवारी, उपासनेनंतर. मन शांत आहे, पण एकट्याने जायचा धीर होत नाही. मी शेवटच्या बाकावर भिंतीकडे बसेन, शेजारची जागा तुझी. काही बोलू नकोस, नुसता बस. आलास तर आपण दोघं एकमेकांच्या आधाराने जाऊ. नाही आलास तरी मी तुझ्यासाठी करतोय ते सोडणार नाही.’

बघ आता. त्या रविवारी आपले बाबा रिकाम्या जागेशेजारी बसून दाराकडे बघत राहणार, कारण तो माणूस जन्मालाच आलेला नाही. आणि मी जाऊन बसलो, तर आयुष्यातली सगळ्यात खरी गोष्ट त्यांनी ज्याला लिहिली तो त्यांचाच मस्करीखोर पोरगा निघणार. त्यात त्यांचा गुन्हाही आता मला ठाऊक. त्यांना मान वर करता येईल का माझ्यापुढे? ताई, मी आजवर बाबांना घाबरत आलो, कधी चिडवत आलो. त्यांच्याइतका धीट माणूस आपल्या घरात राहतो हे मला चिठ्ठीचोर होऊन कळलं.

लवकर लिही. या वेळी उपदेशही चालेल.

तुझा,
बिब्बा


१९ ऑक्टोबर

चि. बिब्ब्यास,

अ. आ.

टपाल निघतंय, म्हणून एवढंच. त्यांचं लेखन वाचून मी ड्युटीवर दोनदा चुकीच्या खाटेला थर्मामीटर लावला. ज्याने एवढं लिहिलं त्याची मान पोरापुढे खाली जाणार नाही. गेली तर तू खाली बस, म्हणजे बरोबरी होईल.

जा. शर्ट इस्त्री करून जा.

ताई


२४ ऑक्टोबर

ती. ताईस,

कृ. सा. वि. वि.

शर्ट इस्त्री केला. बाही जाळली. ती कोपरापर्यंत दुमडून गेलो.

बाबा सांगितल्याप्रमाणे शेवटच्या बाकावर, भिंतीला खेटून. शेजारी जागा मोकळी, तिच्यावर भजनांचं पुस्तक ठेवलेलं. मी पुस्तक उचललं आणि बसलो. त्यांनी हळूच सांगितलं की इथे कुणी तरी यायचंय, तू पुढे जा. मी हललो नाही. त्यांनी कोपर मारलं. मग जरा रागाने म्हणाले की आजच्या दिवस तरी ऐक. तेव्हा मी सांगितलं की येणारा आलाय. गुलाबी कागद बेकरीतला होता, हात डावा होता, गुन्हा काहीच नव्हता, शिंपीणकाकूंची गंमत करायची होती. एका दमात सांगितलं, कारण दम एकच होता.

एक भजन झालं. दुसरं अर्धं झालं. माझ्या कानशिलावरून घाम ओघळत होता, आणि पुढच्या रांगेतल्या काकू नेमक्या वळून माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या, की पोरगा किती तल्लीन झालाय. मग बाबांनी एकच विचारलं. झोप लागत नाही असं चिठ्ठीत लिहिलं होतंस, तेही खोटं का? मी म्हणालो की लिहिलं तेव्हा खोटं होतं, आता तीन आठवडे झाले, खरं आहे. त्यावर ते काय म्हणाले ऐक. म्हणाले, मग माझी प्रार्थना जरा लवकर पोचली म्हणायची. आणि भिंतीकडे सरकून त्यांनी मला आणखी जागा करून दिली. जागा भरपूर होती, तरी सरकले.

पाळकसाहेब त्या दिवशी काय बोलले ते मला विचारू नकोस, माझं प्रवचन झालं होतं.

तिथून खुणेवाल्या काकांकडे गेलो. खाट खिडकीशी, पांघरुणाखाली एका बाजूला सपाट. बाबांनी टोपी काढली, खाली जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. यादी, हात, साखळी. एक शब्द मऊ केला नाही. मी दारात. काकांनी भिंतीकडे तोंड केलं. तसेच म्हणाले की तू माझ्याकडे बघत नव्हतास हे मी खालून बघितलं होतं, मला फक्त तू कधी येतोस ते बघायचं होतं. मग म्हणाले, आज निघा, माझ्याच्याने माफ म्हणवत नाही. पुढच्या रविवारी या. आणि येताना फळं आणू नका, फळं आणणाऱ्यांनी जीव नकोसा केलाय.

मला वाटलं, बाबा कोलमडणार. रस्त्यात मी त्यांच्या हाताखाली हात घातला, आधाराला म्हणून. तर तो हात ताठ आणि उबदार, आणि आधार मीच घेतोय असं चार पावलांत ध्यानात आलं. ते म्हणाले की माफी त्याची आहे, तो सावकाश देईल. मला जे मिळालंय ते तिथवर चालत जायला पुरेल.

काल सोमवारी त्यांनी गोदीच्या कचेरीतही लेखी दिलं. नवी चौकशी होईपर्यंत क्रेनवरून खाली उतरवलंय. नोकरी राहील की नाही, कुणी सांगत नाही. दुपारी बारालाच घरी आले, खाटेवर बसले, बुटांच्या नाड्या सोडायला वाकले आणि तसेच आडवे झाले. ताई, ते झोपले. बूट पायात, तोंड उघडं, भर दुपारी, खिडकीतून ऊन थेट तोंडावर. एवढी बेफिकीर झोप मी फक्त तान्ह्या पोरांची बघितलीय. मी पडदा ओढला. जिन्यात पोरं ओरडत होती, त्यांना गप्प केलं. ज्या जिन्यात मी आयुष्यभर ओरडलो त्याच जिन्यात, मी.

मग मी त्यांच्या पायाशी जमिनीवर बसलो, आणि पुढचं फक्त तुला सांगतो. मी प्रार्थना केली. दोन्ही डोळे मिटून, माझी स्वतःची, कुणी न सांगता, शिक्षा नसताना. काय मागितलं ते धड आठवत नाही. मागणं संपलं तरी उठलो नाही, कारण तिथे बरं वाटत होतं. बाबा घोरत होते आणि खोलीत आम्ही दोघंच नव्हतो. याहून नीट मला लिहिता येत नाही.

तेव्हा तुला हात जोडतो, पाया पडतो, हे कुणाला बोलू नकोस. चिठ्ठीचं सांगितलंस तर एक वेळ चालेल, लोक चार दिवस हसतील. पण मी आपणहून गुडघे टेकले हे शिंपीणकाकूंच्या कानावर गेलं, तर त्या मला गायकवृंदात उभं करतील, आणि मित्रांना कळलं तर माझी आयुष्यभराची कमाई, म्हणजे वाईट नाव, एका दिवसात मातीला मिळेल. बाबांनाही सांगू नकोस. त्यांना बहुतेक कळलंय, कारण उठल्यावर त्यांनी माझ्या गुडघ्यांवरची धूळ बघितली आणि झटकली. पण तू सांगू नकोस. ताई, शपथ आहे तुला, कुणालाच नको.

तुझा,
बिब्बा